रात्रीत बॅटरी उतरते कशी?

चाकण म्हटले की पूर्वी कांदा-बटाट्याचा बाजार आठवे. बाजार आजही आहेच, पण त्याच्या जोडीला गाड्यांचे कारखाने आले. चिंचवडला १९६९ मध्ये बॅटऱ्यांचा मोठा कारखाना उभा राहिला, तर १९९९ मध्ये चाकणला बजाजचा कारखाना सुरू झाला. याच पट्ट्याच्या आजूबाजूला खेड, मावळ, शिरूरच्या गावांत आज कोणाच्या दारात ट्रॅक्टर, कोणाच्या दारात पिकअप, तर कोणाकडे कारखान्यात जाणाऱ्या मुलाची जुनी मोटार उभी दिसते.

पण पहाटे माल भरून बाजार गाठायचा असतो आणि सेल्फ मारला की नुसते ‘टक्’ होते! शेजारपाजारची चार माणसे धक्का द्यायला येतात, तोवर बाजाराची वेळ टळते. दोनदा असे झाले की घरात ठरते, ‘बॅटरी गेली, नवी आणू.’ मंडळी, पैसे मोजण्याआधी जरा थांबा. पुष्कळदा बॅटरी चांगली असते. चोरी दुसरीकडेच होत असते.

दोष कोणाचा?

बॅटरी म्हणजे धान्याची कणगी समजा. इंजिन चालू असताना अल्टरनेटर तिच्यात भर घालतो. सेल्फ मारताना मात्र तिच्यातून एकदम पोतेच निघते. डिझेल गाडीचा सेल्फ क्षणभर दीडशे-दोनशे अँपिअर ओढू शकतो. कणगी रिकामी होण्याची कारणे तीनच: कणगी जुनी झाली, भरणारा कामचुकार निघाला किंवा बुडाला भोक पडले.

हे ओळखायला साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी थांबवून दोन-तीन तासांनी बॅटरीचे माप घ्या. १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. मग इंजिन चालू करून पाहा. माप साधारण १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवे. ते वर चढलेच नाही, तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा.

एका रात्रीची परीक्षा

दोन्ही मापे ठीक आहेत, तरी सकाळी बॅटरी उतरते? मग बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि रात्री तिची निगेटिव्ह वायर सोडून ठेवा. सकाळी माप पुन्हा घ्या. वायर सुटी असूनही माप बरेच घसरले, तर बॅटरीच खराब. माप टिकले, तर बॅटरी निर्दोष. गळती गाडीच्या वायरिंगमध्ये आहे.

गळती लहान वाटते, पण हिशेब करून पाहा. केबिनमधला ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो. तो चोवीस तास जळला तर १० अँपिअर-तास गेले. ६५ अँपिअर-तासांची बॅटरी असली, तरी लग्नसराईत चार दिवस गाडी उभी राहिली की सेल्फला ताकद उरत नाही.

चोर कसा पकडावा?

सगळे दिवे, टेप बंद करा, किल्ली काढा. निगेटिव्ह वायर सोडून ती आणि बॅटरीचे टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरवर लावा. नव्या गाडीत अर्धा तास थांबा. तिची यंत्रणा झोपी जायला वेळ घेते. माप ०.०५ अँपिअरच्या आत असेल तर चिंता नाही. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहा. ज्या फ्यूजने आकडा खाली येईल, त्या वाटेवर चोर आहे. थेट बॅटरीवरून जोडलेला टेप, मोबाइल चार्जर, शोभेचे दिवे आणि उंदराने कुरतडलेली वायर हे नेहमीचे संशयित. फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड मेस्त्रीकडून तपासून घ्या. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नका, मीटर जळेल.

एवढे सांभाळा

• टोकांवर पांढरा-हिरवा क्षार चढला असेल तर दोन्ही वायरी सोडा. खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने टोके धुवा, कोरडी करा, घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका.

• चेसिसला जोडलेली अर्थची वायर गंजली असेल तर जागा घासून चकचकीत करा. चांगली बॅटरीही या गंजापायी मेल्यासारखी वागते.

• वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी.

• बॅटरीजवळ विडी-काडी नको. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो.

• उडालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नका. गाडी पेटायची.

• चालू इंजिनात बॅटरीची वायर काढून ‘डायनामो बघण्याची’ जुनी रीत सोडा. अल्टरनेटर आणि नव्या गाडीतील यंत्रणा त्याने जळू शकते.

बॅटरी खरोखरच गेली असेल, तर जुनी विक्रेत्याकडेच परत द्या. २००१ च्या नियमांत तशी तरतूद होती आणि मोडीचे पैसेही नव्या बॅटरीतून वजा होतात. ती घरी फोडू नये. आतले शिसे लहान मुलांना फार बाधते. ही कामे घरातील जाणती मुले-मुलीही वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखाली शिकू शकतात. एका रात्रीच्या या परीक्षेने नव्या बॅटरीचा खर्च वाचेल आणि माल वेळेवर बाजारात पोचेल.