हॅलोवीनचा दुसरा अल्बम आणि श्रोत्यांचे दोन पक्ष

बेव्हर्ली पार्कहून रिक्षाने मीरा रोड स्टेशन गाठायचं, चर्चगेटची स्लो लोकल पकडायची आणि गाडी हलताच कानात हॅलोवीन या जर्मन बँडचा दुसरा अल्बम सुरू करायचा. 'कीपर ऑफ द सेव्हन कीज, भाग १' हे त्याचं नाव. अल्बम जेमतेम ३७ मिनिटांचा. गोरेगावपर्यंत तीन-चार मिनिटांची गाणी एकामागून एक होतात, अंधेरीच्या अलीकडे-पलीकडे तेरा मिनिटांचं 'हॅलोवीन' हे गाणं सुरू होतं आणि वांद्रे येईतो सगळा अल्बम ऐकून झालेला असतो. १९८७ साली आलेल्या या ३७ मिनिटांवरून मेटलचे श्रोते आजही तावातावाने भांडतात.

या संगीताला म्हणतात पॉवर मेटल. मेटल म्हटलं की आरडाओरडा डोळ्यांसमोर येतो, पण पॉवर मेटलचा जीव असतो सुरावटीत. ड्रमर दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो, त्यामुळे तबल्याची दुगुन अखंड चालू असावी तसा खालून दणका बसत राहतो. दोन गिटारी एकच चाल वेगवेगळ्या सुरांवरून जोडीने वाजवतात. या सगळ्याच्या वर गायकाचा आवाज तार सप्तकात स्वच्छ, मोकळा लागलेला असतो. गाण्यांत राजे, तलवारी, भविष्यातली जगं, चांगल्या-वाईटाचा झगडा. धृपद असं, की हजारो लोकांना एका दमात म्हणता यावं.

हॅम्बुर्गमध्ये १९८४ साली हॅलोवीन उभा राहिला तेव्हा मात्र त्याचं गाणं इतकं नितळ नव्हतं. १९८५च्या 'वॉल्स ऑफ जेरिको' या पहिल्या पूर्ण अल्बममध्ये गिटारवादक काय हॅन्सन स्वतःच गात होता. आवाज खरखरीत, थोडा कर्कश; वेग मात्र छाती दडपून टाकणारा. अवघड गिटार वाजवत गायचं म्हणजे एकाच माणसाची दुहेरी ओढाताण. त्यामुळे बँडने वेगळा गायक शोधायचं ठरवलं. सापडला तो हॅम्बुर्गचाच मिखाएल किस्के. वय अवघं अठरा. दुसऱ्या अल्बममधलं 'अ लिटल टाइम' हे गाणं तर त्याने स्वतःच आणलं होतं.

इथेच श्रोत्यांचे दोन पक्ष पडले.

एका पक्षाचं म्हणणं असं, की पहिल्या अल्बममधली आग दुसऱ्यात निवली. हॅन्सनचा आवाज ओबडधोबड होता, पण त्या गाण्यांचा धसमुसळेपणा त्याच आवाजाला शोभत होता. किस्केने सगळं गुळगुळीत केलं. 'फ्युचर वर्ल्ड'सारखं हसरं, उड्या मारणारं गाणं या मंडळींना मेटल वाटतच नाही. संथ चालीचं 'अ टेल दॅट वॉजन्ट राइट' तर ते सरळ पुढे ढकलतात. दुसऱ्या पक्षाला नेमकं हेच हवं असतं. त्यांच्या मते वेग तेव्हा बऱ्याच बँडांकडे होता, पण त्या वेगावर इतकी गोड चाल बसवणारा गळा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. पुढे युरोपभर पॉवर मेटल ज्या वाटेने गेलं, ती वाट या अल्बमने पाडली, हा त्यांचा दावा. हा दावा इतिहासाला धरून आहे.

मराठी कानांना असले वाद नवे नाहीत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' हे नाटक झालं. धैर्यधराच्या भूमिकेत केशवराव भोसले, भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर आले. केशवरावांच्या तडफदार तानांचा चाहता वेगळा, बालगंधर्वांच्या लडिवाळ गाण्याचा वेगळा. पुढच्या काळात दीनानाथ मंगेशकरांच्या तेजस्वी, झेपावणाऱ्या गायकीवरूनही रसिकांत अशीच चुरस राहिली. आवाजातला जोर मोठा की गोडवा, हाच प्रश्न हॅलोवीनच्या श्रोत्यांनी वेगळ्या वाद्यांच्या साथीने पुन्हा विचारला.

आणखी एक तक्रार गायकाबद्दल नाही, अल्बमच्या मापाबद्दल आहे. बँडला हा जोड अल्बम एकदमच काढायचा होता. रेकॉर्ड कंपनीने तो दोन भागांत काढला आणि दुसरा भाग १९८८मध्ये आला. त्यामुळे पहिला भाग अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीसारखा वाटतो, असं अनेकांचं मत. त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा दीड-पावणेदोन मिनिटांचा, म्हणजे पूर्ण गाणी सहाच. 'हॅलोवीन'च्या व्हिडिओसाठी तर कात्री लावून तेरा मिनिटांचं गाणं पाचेक मिनिटांवर आणलं गेलं. ज्याने ते आधी पूर्ण ऐकलं होतं, त्याला मधली चढण गायब झालेली लगेच कळली. संथ पट्टा, मग हळूहळू वाढत जाणारी लय, गिटारींची लांबलचक देवाणघेवाण, हे सगळं त्या कात्रीत गेलं.

दुसऱ्या अल्बमवर इतका वाद का होतो, याचं कारण साधं आहे. पहिला अल्बम श्रोता इतर बँडांशी ताडून पाहतो. दुसरा तो त्याच बँडच्या पहिल्याशी ताडतो. बँडने बदल केला तर 'हे आमचे राहिले नाहीत', नाही केला तर 'तेच ते पुन्हा'.

आपल्याकडच्या बँडांनाही ही परीक्षा चुकलेली नाही. मुंबईत १९८६पासून इंडिपेन्डन्स रॉकच्या मैफलींना धोबी तलावच्या रंगभवनात गर्दी करणाऱ्या पोरांमधून इथला मेटलचा श्रोता घडला. त्याच शहरातल्या डेमॉनिक रिझरेक्शनने २००५मध्ये 'अ डार्कनेस डिसेंड्स' हा दुसरा अल्बम काढला. हा बँड मुळात डेथ आणि ब्लॅक मेटलचा, पण कीबोर्डची सुरावट आणि गुरगुरण्याच्या मध्येच येणारं स्वच्छ गाणं ही त्याची खूण. कडवट मेटलमध्ये गोड सूर किती चालतो, हा हॅम्बुर्गचा प्रश्न त्याने मुंबईत आणून ठेवला. विशाखापट्टणमचा अगेन्स्ट ईव्हिल तर हेवी आणि पॉवर मेटलच्या घरातलाच. त्यांचा पहिला अल्बम 'ऑल हेल द किंग' २०१८चा, दुसरा 'एंड ऑफ द लाइन' २०२१चा. ज्याला भारतीय पॉवर मेटल ऐकून पाहायचं आहे, त्याने हे दोन अल्बम याच क्रमाने ऐकावेत. बँड कुठून कुठे गेला, ते कानालाच कळतं.

हॅलोवीनमधल्या वादाला मात्र एक सुखद वळण मिळालं. हॅन्सन ऐंशीच्या दशकाअखेरीस बँड सोडून गेला आणि त्याने गॅमा रे उभा केला. किस्के १९९३मध्ये बाहेर पडला. २०१७च्या दौऱ्यात दोघेही परतले आणि किस्केच्या जागी आलेला गायक आन्डी डेरिसही जागेवरच राहिला. आता एकाच रंगमंचावर पहिल्या अल्बमची गाणी हॅन्सन गातो, दुसऱ्याची किस्के. २०२१मध्ये या एकत्र संचाचा अल्बमही आला.

वांद्र्याला उतरणारा प्रवासी दाराशी सरकतो, तेव्हा कानात 'फॉलो द साइन'चे शेवटचे सूर वाजत असतात. परतीच्या गाडीत तो 'वॉल्स ऑफ जेरिको' लावेल आणि मीरा रोड येईतो कुठल्या ना कुठल्या पक्षात जाऊन बसलेला असेल.