मे महिन्यातली कूलरची फेरी

सकाळी साडेसहा
नदीकडचा वारा गार आहे तोवर घरातली दारं-खिडक्या उघडायची, हे आईचं काम. कूलरची टाकी ओतून घासायची, हे माझं. आठवड्यातला एक कोरडा दिवस आमच्याकडे सक्तीचा, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून पंखापर्यंत यायला आठ-दहा दिवस पुरतात. गावाचे कूलर दुरुस्त करणाऱ्याच्याच टाकीत अळ्या निघाल्या, तर शिरूरमध्ये तोंड कुठं दाखवायचं?

नऊ
जुन्या पेठेतलं घर, पत्र्याचा कूलर. "हात लावला की मुंग्या येतात रे," आजी म्हणाल्या. बघतो तर तीन पिनांच्या जागी दोन पिना, आणि अर्थिंगची वायर कापून गुंडाळून ठेवलेली. ती जोडेपर्यंत दुसऱ्या कशालाच हात लावला नाही. "आजी, ओल्या पायानं धरलं असतं तर मुंग्यांवर भागलं नसतं." मग पंप उघडला. बोअरच्या पाण्याचा क्षार बसून जाळी पांढरी झाली होती. गवत दबून वर मोकळी फट पडलेली. तिथून कोरडी हवा तशीच आत. नवं गवत भरलं.

साडेअकरा
नव्या इमारतीतला फ्लॅट. तक्रार तीच, जी मे महिन्यात रोज एकदा तरी ऐकतो: "कूलर लावला की नुसतं चिकचिकतं. अंथरूण ओलं लागतं. मशीनच खराब दिलंय."

मशीन उत्तम होतं. ते खोलीच्या मधोमध, आणि दार, खिडक्या, पडदे सगळं गच्च बंद. "उघडं ठेवलं तर गारवा जाईल ना दादा!"

हे खूळ एसीनं घातलंय. एसी तीच तीच हवा फिरवतो, म्हणून त्याला बंद खोली लागते. कूलरचा धंदा उलटा. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढायची. पाणी उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी उडालं की सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता गेली. पण ती हवा ओलसर होऊनच आत येते. तिला बाहेर काढली नाही तर पुन्हा तीच ओली हवा गवतातून जाणार, आणि भिजलेल्या हवेत पाणी उडणार कसं? खोलीतली सगळी हवा दोनेक मिनिटांत बदलली पाहिजे, असा आमचा हिशेब.

कूलर खिडकीत बसवला, पाठ बाहेर. समोरच्या भिंतीतली खिडकी वीतभर उघडली आणि तिथं उदबत्ती धरली. धूर सरळ बाहेर ओढला गेला. काकू दहा मिनिटं गप्प बसून होत्या. मग म्हणाल्या, "आता झुळूक वाटतीये." मजुरी घेताना जरा लाजच वाटली; खिडकी तर त्यांचीच होती.

दीड
जेवण दुकानातच. भिंतीवर दोन थर्मामीटर आहेत, एकाच्या टोकाला ओली चिंधी. आज कोरडा ४० दाखवतो, ओला २३. या दोन आकड्यांत जेवढं अंतर, तेवढीच कूलरची कमाई. चांगलं गवत त्यातलं पाऊण तरी पदरात पाडतं, म्हणजे २७ च्या आसपास. जुलैत दोन्ही आकडे जवळजवळ येतात, तेव्हा पंप चालवणं म्हणजे घरात पाऊस आणणं. मी पाबळच्या विज्ञान आश्रमात वर्षभर राहून शिकलो. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली सुरू केलेली ती जागा. करून बघितल्याशिवाय मानायचं नाही, ही खोड तिथली. गिऱ्हाईक वाद घालायला लागलं की मी त्याला चिंधीवाला थर्मामीटर दाखवतो.

एक कबूल केलं पाहिजे. कूलर वीज वाचवतो, दीड टनी एसीच्या आठव्या-दहाव्या हिश्शात भागवतो. पण भर दुपारी तासाला सहा-सात लिटर पाणी पितो. कान्हूर मेसाईकडं टँकर चालू असला की मी तिकडं नवीन कूलर खपवत नाही.

चार
न्हावऱ्याच्या रस्त्याला पोल्ट्रीची ईसी, म्हणजे आतलं हवामान ताब्यात ठेवणारी, शेड. एका टोकाला भिंतभर ओले पॅड, दुसऱ्या टोकाला मोठाले पंखे. पंखे हवा बाहेर खेचतात, म्हणून पॅडमधून गार हवा आपोआप आत येते. इथं बाहेरची वाट बंद ठेवा असं कुणी म्हणत नाही. पंखे थांबले तर तासाभरात पक्षी मरायला लागतात, म्हणून मालक जनरेटरसुद्धा तयार ठेवतो. कोंबडीच्या घराला जे कळतं ते माणसाच्या घराला समजावत मी शिरूरभर फिरतो. आजचं काम मात्र क्षुल्लक निघालं: पाण्याचा पाईप तुंबून पॅडचा एक पट्टा कोरडा राहिला होता.

रात्री दहा
बाहेर गार पडायला लागलं की आमच्या घरात पंप बंद, नुसता पंखा चालू. समोरची खिडकी उघडीच. अंथरूण कोरडं राहतं आणि टाकीतलं पाणीही वाचतं.

उद्याच्या वहीत तीन पंप, एक कंडेन्सर आणि एक खिडकी.