जालन्याच्या भट्टीवर परप्रांतीय आणि जालन्याचा मजूर ऊसतोडीला बाहेर, हे नेमकं होतं कसं?

गोष्ट आहे ८ मे २०२० ची. पहाटेची वेळ. जालना ते औरंगाबादच्या दरम्यान, करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. १६ जणांचा जीव गेला. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचा तो फोटो तेव्हा जवळपास प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेला होता.

मेलेले सगळे मध्य प्रदेशातले, शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. जालन्यातल्या एका स्टील कारखान्यात कामाला होते. लॉकडाऊनमध्ये काम थांबलं. भुसावळवरून गावाकडं जाणारी गाडी मिळेल या आशेवर ते रात्रीच रुळांच्या कडेनं चालत निघाले. गाड्या बंद आहेत असं वाटलं, थकवा आला आणि तिथंच आडवे झाले.

त्याच मे महिन्यात राज्यात दुसरी एक चर्चा जोरात होती. परप्रांतीय मजूर गावाकडं निघालेत, तर त्यांच्या रिकाम्या जागांवर मराठी पोरांना घ्या. मनसेचे राज ठाकरे म्हणत होते की परत येणाऱ्यांची नीट नोंदणी झाली पाहिजे आणि इथल्या तरुणांना या नोकऱ्यांची माहिती मिळाली पाहिजे.

आता ही मागणी ऐकायला चुकीची वाटत नाही. जालन्यातला पोरगा बेरोजगार आहे, एमआयडीसीत काम आहे, मग ते त्याला का मिळू नये? पण नेमकं इथंच सगळं घोडं अडलेलं आहे.

आधी हे राजकारण समजून घेऊ

कास मुड्डे नावाचे एक डच अभ्यासक आहेत. जगभरातल्या उजव्या लोकानुनयी पक्षांवर त्यांचं बरंच काम आहे. त्यांच्या मांडणीचा साधा अर्थ असा, की हे पक्ष समाजाच्या दोन रेघा मारतात. एक रेघ खालची जनता आणि वरचे भ्रष्ट बडे लोक यांच्यात. दुसरी आतले आणि बाहेरचे यांच्यात. जर्मनीतला एएफडी, फ्रान्समधला ल पेन यांचा पक्ष, अमेरिकेतले ट्रम्प, सगळीकडं या दोन रेघा दिसतात. गंमत म्हणजे पहिली रेघ भाषणापुरती राहते. कारवाई होते ती दुसऱ्या रेघेवर.

आपल्याकडं ही दुसरी रेघ १९६६ ला ठळक झाली. १९ जूनला शिवसेना स्थापन झाली, पण तयारी आधीपासून होती. बाळासाहेब ठाकरेंच्या 'मार्मिक'मध्ये मुंबईतल्या कंपन्यांमधल्या दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या जायच्या. वाचणारा मराठी पदवीधर बघायचा, राज्य आपलं झालं पण ऑफिसातल्या खुर्च्या दुसऱ्यांच्या. ही तक्रार हवेतली नव्हती. पुढं स्थानीय लोकाधिकार समितीनं बँका, विमा कंपन्या, विमानतळ इथं मराठी पोरांना नोकऱ्या मिळवूनही दिल्या. हे मान्य करावंच लागतं.

पण 'बाहेरचा' कोण हे मात्र बदलत गेलं. आधी दाक्षिणात्य, मग कम्युनिस्ट, मग मुसलमान. २००६ मध्ये मनसे आली आणि २००८ मध्ये उत्तर भारतीयांची पाळी आली. त्या ऑक्टोबरमध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना मारहाण झाली. पुढच्याच वर्षी विधानसभेत मनसेचे १३ आमदार निवडून आले. २०१४ ला एक, २०१९ ला एक आणि २०२४ ला शून्य.

जागा गेल्या, पण भाषा उरली. २००८ च्या नोव्हेंबरमध्येच काँग्रेस-राष्ट्रवादीच्या सरकारनं ८० टक्के स्थानिकांचा शासन निर्णय काढून उद्योगांना आठवण करून दिली होती. आज कुठल्याही पक्षाचा नेता जाहीरनाम्यात भूमिपुत्र हा शब्द टाळत नाही.

मराठवाड्याला मात्र हा शब्द नवा नाही

मुंबईवाल्यांना वाटतं हा वाद त्यांनी सुरू केला. पण जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथं 'मुल्की' आणि 'गैरमुल्की' हे भांडण फार जुनं. उत्तरेतून आलेले लोक सरकारी नोकऱ्या पटकावतात ही तिथली तक्रार होती, म्हणून नोकरीसाठी मुल्की असण्याची अट आली. मुल्की ठरायला १५ वर्षांचं वास्तव्य लागायचं. संस्थान गेलं तरी भांडण राहिलं. १९५२ मध्ये हैदराबादेत यावरून विद्यार्थ्यांचं मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला.

आणि आज महाराष्ट्रात डोमिसाईल काढायला किती वर्षं दाखवावी लागतात? १५ च.

शिवसेना ऐंशीच्या दशकात मराठवाड्यात पसरली ती परप्रांतीयांचा मुद्दा घेऊन नाही. इथं तेव्हा परप्रांतीय होतेच किती? ती आली हिंदुत्व, संभाजीनगरचं नाव आणि विद्यापीठ नामांतराला विरोध हे घेऊन. म्हणजे रेघ तीच, फक्त पलीकडं उभा केलेला माणूस वेगळा.

मग स्टीलमध्ये बाहेरचा माणूस का?

'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी आहे. बियाणं, मोसंबी, मोंढा आणि त्यानंतर स्टील. इथले कारखाने भंगार वितळवतात, त्याच्या कांड्या ओततात आणि बांधकामाच्या सळया काढतात. भट्टीसमोरचं काम म्हणजे जिवाशी खेळ. ऑगस्ट २०२४ मध्ये इथल्या एका कारखान्यात भट्टीत स्फोट झाला आणि वीसच्या आसपास कामगार भाजले.

अशा कामाला ठेकेदाराला कसा माणूस लागतो बघा. कारखान्याच्या आवारात किंवा शेजारच्या खोलीत राहणारा. बारा तास उभा राहणारा. पेरणी, सोंगणी, भावकीतलं लग्न, दहावा, तेरावा यासाठी सुट्टी न मागणारा. भाजला तर गावातले पन्नास लोक गेटवर येऊन बसणार नाहीत असा.

बदनापूरचा किंवा मंठ्याचा पोरगा यातल्या एकाही अटीत बसत नाही. त्याची दोन एकर शेती आहे, संध्याकाळी तो घरी जातो, त्याचा चुलता ग्रामपंचायतीत आहे, आमदाराचा पीए त्याचा फोन उचलतो. म्हणून ठेकेदार म्हणतो, लोकल पोरं कामाची नाहीत. लोक याचा अर्थ 'आपली पोरं आळशी' असा लावतात. तसं नाहीये. लांबून येणं हीच या कामाची पात्रता आहे. शहडोलचा माणूस जालन्याच्या पोराची नोकरी घेत नाही, कारण त्या पगारात आणि त्या अटींवर ती नोकरी जालन्याच्या पोरासाठी काढलेलीच नसते.

पटत नसेल तर उलट बाजूनं बघू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कोपी टाकून राहायचं. आता जालना जिल्ह्यात स्वतःचे साखर कारखाने आहेत, आणि पश्चिम महाराष्ट्रात भूमिहीन मजूर नाहीत असंही नाही. तरी तोडणीला माणूस लांबचाच लागतो. रात्री दोनला गाडी भरायला उठवलं तर उठणारा, मधेच घरी न जाणारा.

यान ब्रेमान या समाजशास्त्रज्ञानं हेच दक्षिण गुजरातेत पाहिलं होतं. बारडोलीकडचे साखर कारखाने खानदेशातून, म्हणजे धुळ्या-नंदुरबारकडून तोडणी मजूर आणायचे, आणि तिथलेच भूमिहीन हळपती कामाविना बसायचे किंवा दुसरीकडं जायचे. तिथं परप्रांतीय कोण? आपला माणूस.

लॉकडाऊनमध्ये दोघांचं काय झालं

एप्रिल २०२० मध्ये ऊसतोड मजूरही कारखान्यांवर अडकले होते. सरकारनं १७ एप्रिलला निर्णय घेतला आणि सव्वा लाखाहून जास्त मजुरांना तपासणी करून गावी जाऊ दिलं. चांगला निर्णय होता. हाल त्यांचेही झाले, पण मागं कुणीतरी होतं. संघटना होत्या, मंत्री होते, बीड-जालन्याची मतं होती.

स्टीलवाल्या मजुरांसाठी जालन्यात भांडायला कोण होतं? दुसऱ्या राज्यात जायचं तर दोन्ही राज्यांची परवानगी लागत होती, आणि श्रमिक गाड्या १ मेपासून सुरू झाल्या होत्या, हे खरं. पण १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा तेव्हा लागू होता. ठेकेदारानं परवाना घ्यायचा, मजुरांची नोंद ठेवायची, त्यांना पासबुक आणि गावी जाण्या-येण्याचा खर्च द्यायचा, असं त्यात लिहिलेलं. तो नीट पाळला असता तर कुठल्या कारखान्यात कुठले किती मजूर आहेत याची यादी प्रशासनाच्या टेबलावर असती.

म्हणून नोंदणीची मागणी मला चुकीची वाटत नाही. पण कायद्यानं ती जबाबदारी ठेकेदाराची होती आणि भाषणात ती मजुरावर आली.

जागा रिकाम्या झाल्या, पुढं काय झालं?

जुलै २०२० मध्ये उद्धव ठाकरे सरकारनं 'महाजॉब्स' पोर्टल आणलं. अट होती डोमिसाईलची. एरवी कधी मिळाली नसती अशी संधी होती, कारण परप्रांतीय खरोखर निघून गेले होते. पण काम तेच, तास तेच, ठेकेदार तोच. काही महिन्यांत देशभरातल्या मालकांनी बस पाठवून, काहींनी तर विमानाची तिकिटं काढून जुनेच मजूर परत आणले.

ब्रिटनमध्येही असंच झालं. ब्रेक्झिटच्या प्रचारात पूर्व युरोपातून आलेले कामगार हा मोठा मुद्दा होता. ते कमी झाल्यावर शेतातली फळं तोडायला माणूस मिळेना, म्हणून सरकारनं हंगामी व्हिसा वाढवले आणि मध्य आशिया, नेपाळ, इंडोनेशिया इथून माणसं आणली. जून २०२३ पर्यंतच्या एका वर्षात निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या आसपास गेलं. या रागावर २०२४ मध्ये रिफॉर्म यूके हा पक्ष १४ टक्के मतं घेऊन गेला.

कायद्यानं कोटा ठेवायचा प्रयत्नही झालाय. हरियाणानं खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागांचा कायदा केला. नोव्हेंबर २०२३ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयानं तो रद्द केला. देशात कुठंही राहण्याचा, काम करण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ मध्ये आहे. आपल्याकडचा ८० टक्क्यांचा नियम टिकलाय, कारण तो कायदा नसून सवलती घेणाऱ्या उद्योगांना घातलेली अट आहे. शिवाय भट्टीवरचा माणूस ठेकेदाराचा असतो, कंपनीच्या हजेरीपटावर नसतो.

राहता राहिला मताचा हिशोब. २०२४ च्या विधानसभेला मतदान होतं २० नोव्हेंबरला आणि ऊस गाळपाचा हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू होणार होता. मजुरांचं मतदान बुडेल म्हणून हंगाम पुढं ढकला, अशी मागणी झाली. भट्टीवरच्या मजुराचं नाव तर शहडोलच्या यादीत. निवडणूक आयोगानं जानेवारी २०२३ मध्ये अशा लोकांसाठी रिमोट मतदान यंत्राचा नमुना दाखवायला सगळ्या पक्षांना दिल्लीत बोलावलं होतं. विरोधी पक्षांनी त्यावर शंका काढल्या, आणि ते यंत्र अजून नमुनाच आहे.