पोलादावरील जकात आणि आपला संसार

विजापूरच्या बुरुजावरील ‘मुलूखमैदान’ तोफ बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. परंतु ती १५४९ सालीं आपल्या नगरास ओतली गेली, हें पुष्कळांच्या ध्यानांत नसतें. तांबें व कथील यांच्या मिश्रणाचा सुमारें ५५ टनांचा हा ऐवज ज्या भूमींत ओतला गेला, तेथील तांबटांस पुढें इंग्रजी अमदानींत हंडे-घागरींसाठीं मुंबई बंदरांत उतरणारा विलायती पत्रा घ्यावा लागला. हातांतील कसब गेलें नव्हतें. धातु मात्र परक्याचा झाला होता. कसब आपलें आणि धातु परक्याचा, हीच अडचण आज पोलादाच्या रूपानें पुन्हा पुढें आली आहे.

३० डिसेंबर २०२५ रोजीं केंद्र सरकारनें कांहीं प्रकारच्या परदेशी पोलादी पत्र्यावर व जाड पाट्यांवर तीन वर्षांची संरक्षक जकात कायम केली. पहिल्या वर्षीं शेंकडा १२, दुसऱ्या वर्षीं साडेअकरा व तिसऱ्या वर्षीं ११, असा तिचा उतरता क्रम आहे. तिचा आरंभ २१ एप्रिल २०२५ पासून धरिला आहे; कारण त्या दिवशींच २०० दिवसांची तात्पुरती जकात लागू झाली होती.

ही जकात सरकारी तिजोरी भरण्यासाठीं नसते. परदेशी माल अकस्मात् इतका येऊं लागला कीं देशी धंद्यास गंभीर इजा पोहोंचावी, तर तो कांहीं काळ थोपविण्याची मुभा जागतिक व्यापार संघटनेच्या करारानें प्रत्येक राष्ट्रास दिली आहे. मात्र तिची मूळ मुदत चार वर्षांहून अधिक असूं नये, व वर्षाहून अधिक काळ ठेविल्यास ती क्रमाक्रमानें शिथिल करीत जावी, असा दंडक आहे. आपल्यावर ही पाळी कां आली, तें पाहूं. जगांतील निम्म्याहून अधिक पोलाद एकटा चीन काढतो. तेथील घरबांधणी मंदावल्यानें २०२४ सालीं त्यानें दहा कोटी टनांहून अधिक पोलाद बाहेर धाडलें. अमेरिकेनें जून २०२५ मध्यें पोलादावरील जकात शेंकडा ५० पर्यंत चढविली. एक दार मिटलें कीं पाणी दुसऱ्या दाराकडे वळतें. २०२४-२५ सालीं हिंदुस्थानांत सुमारें ९५ लाख टन तयार पोलाद आलें, आणि आपली आयात निर्यातीहून अधिक झाली.

हा उपाय आपणांस नवा नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालींच पुण्यास लोखंडाच्या धंद्यांतील आरंभींच्या प्रयत्नांचें विवेचन केलें होतें. पुढें १९०७ सालीं टाटांची कंपनी स्थापन झाली व १९१२ सालीं जमशेदपुरास पोलाद निघूं लागलें. पहिलें महायुद्ध संपतांच युरोपांतील स्वस्त पोलादाचा लोंढा येऊन कंपनी डबघाईस आली. तेव्हां नेमलेल्या जकात मंडळांत पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील अर्थशास्त्राचे प्राध्यापक वामन गोविंद काळे हे एक सभासद होते. मंडळाच्या शिफारशीवरून १९२४ सालीं पोलाद-संरक्षणाचा कायदा झाला, तो प्रथम तीनच वर्षांसाठीं. त्या काळच्या धोरणांत तीन अटी होत्या : धंद्यास नैसर्गिक अनुकूलता असावी, संरक्षणावांचून तो वाढणें शक्य नसावें, आणि पुढेंमागें तो स्वतःच्या बळावर जगाशीं टक्कर देऊं शकेल अशी खात्री असावी. मुदती वाढत गेल्या खऱ्या, परंतु १९४७ सालीं तें संरक्षण उठलें आणि धंदा उभाच राहिला.

एवढ्यावरून संरक्षण ही निर्भेळ चांगली गोष्ट आहे, असें मात्र कोणी समजूं नये. आपल्या नागापूरच्या व सुप्याच्या औद्योगिक वसाहतींत पोलाद निपजत नाहीं. तेथें तें वापरलें जातें. अंकगणिताचें एक साधें उदाहरण घेऊं. एखाद्या लहान कारखानदाराच्या १०० रुपयांच्या मालांत ६० रुपयांचा पत्रा लागतो व त्यास ८ रुपये नफा उरतो, असें समजा. पत्र्याचा भाव पुरता शेंकडा १२ चढला, तर त्याचा खर्च ७ रुपये २० पैशांनीं वाढेल आणि हातीं ८० पैसे उरतील. मोठ्या गिऱ्हाइकाकडून भाव वाढवून मिळण्याची त्यास आशा थोडी. मग तो कामगार कमी करील, किंवा भार पुढें ढकलील. आणि तो ढकलतां ढकलतां शेतकऱ्याच्या उसाच्या ट्रॉलीवर व गोठ्याच्या पत्र्यावर येऊन थांबेल. पोलादवाल्यांचे कारखाने मोजके व त्यांचा आवाज मोठा. वापरणारे असंख्य, पण विखुरलेले. म्हणून पहिल्यांचें दुःख दिल्लीस लवकर ऐकूं जातें.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांस हा व्यवहार समजावून सांगावयास नको. धाकट्या भावानें दुकान काढलें, तर दोन पैसे जास्त पडले तरी घरचें सामान आपण त्याच्याकडूनच घेतों. तें योग्यच आहे. परंतु वडील माणूस त्यास हेंही बजावतो कीं, “बाबा, हें तीन वर्षें, पुढें बाजारभावानें दे.” हें बजावणारा नसेल तर दुकानही सुधारत नाहीं व घरही खचतें. स्वातंत्र्यानंतर १९९१ पर्यंत आपण पुष्कळ धंद्यांभोंवतीं उंच तटबंदी ठेविली. तिच्या आड कांहीं धंदे सशक्त झाले, तर कांहीं नुसतेच सुस्तावले.

कौटिल्यानें शुल्काचा विचार करतांना राष्ट्रास पीडा करणारा माल रोखावा, परंतु महोपकारक मालावर शुल्क घेऊं नये, असा विवेक सांगितला आहे. पोलाद हें स्वस्त असतां कारागिराचें उपकारक, आणि लोंढ्यानें आलें तर पोलाद करणाऱ्याचें पीडक. दोन्ही गुण एकाच वस्तूंत आहेत. म्हणूनच येथें प्रमाण आणि मुदत यांस सर्वांत अधिक महत्त्व. मोडलेल्या हाडास फळी बांधावीच लागते. पण हाड सांधल्यावरही ती ठेविली, तर अवयव वाळतो. ठरल्याप्रमाणें ही जकात एप्रिल २०२८ मध्यें संपावयाची आहे. तोंवर आपल्या कारखानदारांनीं नवीं यंत्रें आणिलीं काय, भाव वाजवी राखिले काय, व लहान वापरणाऱ्यास माल वेळेवर दिला काय, याचा हिशेब आपण मागितला पाहिजे. ज्यांच्या पैशानें संरक्षण होतें, त्यांस तो मागण्याचा अधिकार आहे.