मेणाच्या तळ्यातला सुवास

घरी सुगंधी मेणबत्ती करून पाहणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: बाटलीचं झाकण उघडताच घरभर पसरणारा वास मेणबत्ती पेटवल्यावर जातो कुठे? मग पुढच्या खेपेला सुगंधी तेल दुप्पट ओतलं जातं आणि वासाऐवजी धूर मिळतो. बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतो, वातीचा असतो.

ज्योतीत पोचलेलं सुगंधी तेल मेणाबरोबर जळूनच जातं. आपल्याला वास येतो तो वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या तळ्यातून, तिथून तेल सावकाश उडत राहतं म्हणून. तळं काठापर्यंत पसरलं तर वास खोलीभर होतो. ते केवढं पसरणार हे वात ठरवते. वात बारीक पडली तर मधोमध खड्डा होतो आणि कडेचं मेण तसंच राहतं. जाड झाली तर ज्योत भडकते, काचेवर काजळी धरते.

मायकल फॅरडे यांनी १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. त्यातला एक प्रयोग घरी जरूर करून पाहा. पंखा बंद करून मेणबत्ती विझवा. वातीतून पांढुरकी रेघ वर चढेल. पेटती काडी वातीला न टेकवता वर, त्या रेघेत धरा. ज्वाला रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते! ती रेघ मेणाच्या वाफेची असते आणि मेणबत्तीत मुख्यतः जळते ती हीच वाफ. पातळ मेण वर ओढून घेणं, एवढंच वातीचं काम.

मग समईची वात का चालत नाही? समईत ती पुढे सारायला, काजळी झाडायला आपण असतो. मेणबत्तीच्या वातीला स्वतःच उभं राहावं लागतं आणि जळलेलं टोकही स्वतःच संपवावं लागतं. म्हणून ती पीळ देऊन वळलेली नसते, विणलेली असते. विणीमुळे टोक किंचित कलतं, ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथे जळून जातं. ही युक्ती एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. त्याआधी टोक सारखं कातरत बसावं लागे. तेव्हा मेणात बुडवून ताठ केलेली, बुडाला पत्र्याची चकती असलेली सुती वात विकतच आणा. दोन-तीन जाडींच्या आणा आणि त्याच भांड्यात, त्याच मेणात जाळून पाहा. या चाचणीला पर्याय नाही.

मेणाचं त्या मानाने सोपं आहे. पॅराफिन पेट्रोलियममधून निघतं. सोया मेण, लातूरच्या बाजारात ज्याचा भाव रोज पाहिला जातो त्या सोयाबीनच्या तेलाचं, वनस्पती तुपासारखंच हायड्रोजनीकरण करून बनतं. ते मऊ असतं, पन्नास अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून भांड्यातच ओतावं. अकोला-नागपूरच्या मे महिन्यात अशी मेणबत्ती खिडकीत ठेवू नका. मधमाशांच्या मेणाला स्वतःचा इतका सुरेख वास असतो की त्यात दुसरा मिसळू नये, असं माझं ठाम मत आहे.

दोनशे ग्रॅम सोया मेणाला सोळा ग्रॅम, म्हणजे आठ टक्के, सुगंधी तेल पुरतं. चमच्याने मोजू नका, वजन करा. पाकिटावरची मर्यादा ओलांडली तर तेल वर सुटतं आणि वात गुदमरते. मेणाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवा, थेट आचेवर कधीही नको. गॅस बंद करून मेण सत्तर अंशांच्या आसपास आलं की तेल घाला, दोन मिनिटं हलक्या हाताने ढवळा आणि जरा निवल्यावर ओता. मेणाने पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण टाका. पाणी ओतलं तर त्याची क्षणात वाफ होते आणि जळतं मेण चहूकडे उडतं.

गुलाबजल किंवा केकमधला व्हॅनिला इसेन्स मेणात मिसळत नाही. पाण्याचे थेंब तळाशी बसतात आणि ज्योत तडतडते. वर सुकवलेल्या पाकळ्या पेरण्याची सध्या फॅशन आहे. त्या वातीइतक्याच सहज पेटतात, कृपया पेरू नका. मोगऱ्याचा अस्सल अर्क फार महाग असतो. स्वस्त बाटलीतला मोगरा प्रयोगशाळेतला असणार, आणि तो मेणबत्तीसाठीच बनवलेला असेल तर त्यात कमीपणा काही नाही. संत्र्या-लिंबाची तेलं हलकी, पटकन उडणारी. वाळ्याचं जड आणि सावकाश. या दोहोंचं मिश्रण मला सगळ्यात आवडतं: आधी लिंबू जाणवतं, मागून वाळा येतो.

सोया मेणबत्ती आठवडाभर तरी मुरू द्या. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा तळं काठाला टेकेपर्यंत विझवू नका. सात सेंटिमीटर रुंद भांड्याला अडीच-तीन तास लागतात. घाई केली तर पुढच्या वेळीही मेण बहुधा तेवढ्याच वर्तुळात वितळतं. छताचा पंखा मात्र बंद हवा. दर वेळी पेटवण्याआधी वात पाच-सहा मिलिमीटर ठेवून कापा, आणि घरात कुणाला दमा असेल तर हा षोक बाजूला ठेवा.

तळाशी सेंटिमीटरभर मेण उरलं की थांबा, नाहीतर काच तापून तडकू शकते. उरलेलं मेण भांडं गरम पाण्यात ठेवून मऊ करा, कागदाने पुसून काढा आणि मगच भांडं घासा. बेसिनमध्ये ओतलंत तर ते पाइपात गोठून बसेल.