आय अ‍ॅम फ्रॉम वाशिंद!

दोस्तांनो, अकरावीचा पहिला दिवस मला अजून आठवतो. दहावीपर्यंतचं सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. वाशिंदहून लोकल पकडून मी कल्याणच्या एका कॉलेजात गेलो होतो. सर वर्गात आले आणि म्हणाले, "चला, एकेकाने उभं राहून इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्या."

झालं! माझ्या पोटात गोळाच आला. पहिल्या बाकापासून सुरुवात झाली आणि मी मनातल्या मनात वाक्यं जुळवू लागलो. शेवटी माझा नंबर आला. "मायसेल्फ..." असं म्हणून मी नाव सांगितलं आणि घाईघाईने पुढे म्हणालो, "आय अ‍ॅम फ्रॉम कल्याण."

वाशिंद म्हटलं तर ही मुलं हसतील, असं मला उगाचच वाटलं होतं. माझ्या शेजारचा मुलगा मात्र शांतपणे उभा राहिला आणि म्हणाला, "आय अ‍ॅम फ्रॉम आटगाव." कोणी हसलं नाही की काही नाही.

संध्याकाळी कसारा लोकलमध्ये तो नेमका माझ्याच डब्यात! खडवली गेलं, वाशिंद आलं. मी दप्तर सावरत दाराशी गेलो, तर मागून आवाज आला, "अरे, तू तर कल्याणचा ना?"

काय सांगू, त्या दिवशी वाशिंदचा प्लॅटफॉर्म संपता संपेना!

त्या दोन वाक्यांत माझ्या दोन चुका झाल्या होत्या. एक इंग्रजीची आणि दुसरी त्याहून मोठी. आधी इंग्रजीची बघू. ती सुधारायला पाच मिनिटं पुरतात.

‘मायसेल्फ’ कुठे बसतं?

‘मायसेल्फ’ म्हणजे ‘मी’ नव्हे, तर ‘स्वतःला’ किंवा ‘स्वतःची’. "स्वतःला अमुक तमुक" असं कोणी मराठीत नाव सांगेल का? नाही ना? मग साधं "आय अ‍ॅम..." किंवा "माय नेम इज..." म्हणा आणि नाव सांगा. ‘मायसेल्फ’ वापरायचीच हौस असेल तर "मे आय इंट्रोड्यूस मायसेल्फ?" असं विचारा. म्हणजे, "मी स्वतःची ओळख करून देऊ का?" तिथे तो शब्द अगदी चपखल बसतो.

असंच आणखी एक आहे. आपण आदराने ‘शुभनाव’ विचारतो, म्हणून इंग्रजीतही "व्हॉट इज युअर गुड नेम?" विचारलं जातं. इंग्रजीत ‘गुड नेम’ लागत नाही. "मे आय नो युअर नेम?" म्हटलं की आदर आला.

तू, तुम्ही आणि यू

मराठीत मित्राला ‘तू’ आणि सरांना ‘तुम्ही’ म्हणायचं, हे आपण बोलायला लागल्यापासून शिकतो. इंग्रजीत दोघांनाही ‘यू’! मग आदर दाखवायचा कुठे? बाकीच्या शब्दांत.

मैदानावर नवा मुलगा भेटला, तर "हाय!" किंवा "हॅलो!" म्हणा, नुसतं पहिलं नाव सांगा आणि विचारा, "व्हॉट्स युअर नेम?" त्याने सांगितलं की "नाइस टू मीट यू." झाली अनौपचारिक ओळख. तिथे पूर्ण नाव, इयत्ता, शाळा असं सगळं म्हणत बसलात, तर तो बिचारा चेंडू टाकायचा सोडून सावधानमध्ये उभा राहील!

पण वक्तृत्व स्पर्धा असेल, मुलाखत असेल, शाळेत पाहुणे आले असतील, तर ओळख औपचारिक हवी. आधी "गुड मॉर्निंग, मॅडम." मग नाव आणि आडनाव. त्यानंतर "आय स्टडी इन द एट्थ स्टँडर्ड," आणि मग गाव. समोरच्याच्या आडनावाआधी ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ लावायचं, स्वतःच्या नाही. आपण तरी "मी श्रीयुत अमुक" असं कुठे म्हणतो?

जुन्या पुस्तकांत तुम्हाला "हाऊ डू यू डू?" सापडेल. तो नुसता नमस्कार आहे बरं का, प्रश्न नव्हे. त्याचं उत्तर म्हणून तेच शब्द परत म्हणायचे असतात. आता तो फारसा कानावर पडत नाही. पण "हाऊ आर यू?" विचारलं, तर मात्र "फाइन, थँक यू" म्हणायला विसरू नका.

ही कोण? ही म्हणजे तो!

दुसऱ्याची ओळख करून देताना मराठी मुलांची एक गंमत होते. मराठीत आपण म्हणतो, "ही माझी बहीण." मग इंग्रजीतही तोंडातून निघून जातं, "ही इज माय सिस्टर!" आपली ‘ही’ बाई, इंग्रजीतला ‘ही’ पुरुष. बहिणीचा क्षणात भाऊ झाला की हो! दुसरी गंमत म्हणजे, "हे आमचे सर" याचं "दे आर अवर सर" होतं. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत चालत नाही, एकट्या सरांचे अनेक सर होतात.

दोन्हींवर औषध एकच, ‘धिस इज’. "धिस इज माय सिस्टर." "धिस इज अवर टीचर." मुलगा, मुलगी, लहान, मोठा, सगळ्यांना चालतं.

आधी कोणाशी बोलायचं? हे तर तुम्हाला येतंच! घरी मैत्रीण आली की तुम्ही म्हणता, "आजी, ही माझ्या वर्गातली." म्हणजे मोठ्या माणसाला हाक मारून लहानाची ओळख. इंग्रजीतही रीत हीच आहे: "सर, धिस इज माय फ्रेंड," आणि पुढे मित्राचं नाव.

कल्याणची खरी मुलगी

आता माझी दुसरी चूक. मी खोटंखोटं कल्याणचा झालो होतो. पण कल्याणचीच एक खरी मुलगी इंग्रजीत आपली ओळख करून देत थेट अमेरिकेला पोचली होती. ती म्हणजे आनंदीबाई जोशी. १८६५ साली जन्मलेली ही मुलगी माहेरची यमुना. नवव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि पती गोपाळरावांनी तिला शिकवायला घेतलं.

अमेरिकेत रोझेल गावी राहणाऱ्या कार्पेंटरबाईंनी एका मासिकात या दांपत्याविषयी वाचलं आणि पत्र पाठवलं. आनंदीबाईंनी उत्तर लिहिलं. घरच्या गोष्टी, सणवार, तब्येत, मनातलं सगळं त्या पत्रांतून जाऊ लागलं. ही अनौपचारिक ओळख. पुढे कार्पेंटरबाई त्यांच्या मावशीच झाल्या, आणि जून १८८३ मध्ये न्यूयॉर्कला त्यांना उतरवून घ्यायला त्याच आल्या.

त्याच वर्षी आनंदीबाईंनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. ही औपचारिक ओळख. वय अवघं अठरा. प्रवेशासाठी हवी तेवढी तयारी आपली नसेल, हे त्यांनी लपवलं नाही. आमच्याकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला डॉक्टर व्हायचंय, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. कॉलेजने त्यांना प्रवेश दिला. ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या.

दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, पुण्यात त्यांचं निधन झालं. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे अमेरिकेला पाठवण्यात आल्या. त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्या आजही आहेत. एका पत्राने सुरू झालेली ओळख कुठवर गेली बघा!

त्यांचं इंग्रजी चांगलं होतंच. पण त्यांच्या ओळखीचं बळ खरेपणात होतं. आपण कोण, कुठून आलो, काय येत नाही आणि काय हवंय, यातलं त्यांनी काहीच झाकलं नाही. मी मात्र साधं गावाचं नाव झाकलं होतं!

गावाला एक वाक्य जोडा

आपल्या गावात ओळख सोपी असते. "कोणाचा रे तू?" आजी विचारते. वडिलांचं नाव सांगितलं की पुरे, तिला सगळं घर कळतं. बाहेर कोणाला आपलं घर माहीत नसतं. म्हणून तिथे गावाच्या नावाला आणखी एक वाक्य जोडायचं. "आय अ‍ॅम फ्रॉम वाशिंद. इट इज अ रेल्वे स्टेशन बिटवीन कल्याण अँड कसारा." किंवा, "द रिव्हर भातसा फ्लोज नियर अवर टाउन." मुंबईकराला हे ऐकून नक्की कुतूहल वाटेल, कारण भातसा धरणाचं पाणी तो रोज पितो!

आणि ही गोष्ट माहीत आहे का? १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली आणि १८५५ साली रूळ वाशिंदपर्यंत आले. पुढची काही वर्षं या मार्गाचं शेवटचं स्टेशन आपलं वाशिंदच होतं. असं गाव कशाला लपवायचं? शहापूर, मुरबाड, डोळखांब, किन्हवली, तुमचं जे गाव असेल त्याचं असं एक वाक्य शोधून ठेवा.

आईबाबांनाही एक विनंती. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत यायचं. २००० सालापासून ते मराठी शाळांत पहिलीपासून आलं. तरी पाहुण्यांसमोर "हं, इंग्रजीत बोलून दाखव" म्हटलं की मूल गप्प होतं. त्यापेक्षा जेवताना खेळ खेळा. आज बाबा झाले मुख्याध्यापक, उद्या आई झाली नवी शेजारीण. मुलांनी ओळख करून द्यायची. चुकली तर हसू द्या, पण मुलाला हसू नका.

हो, आटगावच्या त्या मुलाचं राहिलंच! दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीत चढलो, त्याला शोधून काढलं आणि म्हणालो, "लेट मी इंट्रोड्यूस मायसेल्फ अगेन. आय अ‍ॅम फ्रॉम वाशिंद."

तो हसला. म्हणाला, "नाइस टू मीट यू." आणि सरकून त्याने मला चौथी सीट दिली.