लकवा, वाढलेली साखर आणि माथेरानचा घाट

आजच्या भागाचं हे शब्दांकन. विषय आहे लकवा, म्हणजे स्ट्रोक, आणि त्या वेळी वाढलेली साखर. उदाहरण म्हणून माथेरान घेऊ. तिथे गावात खाजगी गाड्यांना बंदी आहे. अँब्युलन्सने किंवा मिळेल त्या रिक्षाने पेशंटला दस्तुरी नाक्यावर आणायचं, मग घाट उतरून नेरळ, आणि तिथून पुढे सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल.

आता समजा, आजोबांचं तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, शब्द बोबडे येतायत. घरात ग्लुकोमीटर आहे. आकडा येतो २६०. कोणीतरी म्हणतं, "साखर वाढलीय म्हणून होतंय हे. आधी ती उतरवू, मग बघू." घात होतो तो इथेच.

लकव्याच्या ताणाने शरीर कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन सोडतं आणि साखर वर जाते. मधुमेह नसलेल्याचीसुद्धा. म्हणून तो आकडा पाहून लकव्याची शंका सोडायची नाही. पण साखर निरुपद्रवी आहे असंही नाही. रक्त कमी पडलेल्या भागात प्राणवायू नसतो. तिथे जास्तीच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल साचतं आणि वाचू शकल्या असत्या त्या पेशीही मरतात.

मग झटपट खाली आणली तर? अमेरिकेत ११५१ पेशंटवर हे तपासलं गेलं. 'शाइन' नावाच्या या अभ्यासाचे निकाल २०१९ मध्ये आले. एका गटाची साखर इन्सुलिनने ८० ते १३० मध्ये ठेवली, दुसऱ्याची १८० च्या आत. तीन महिन्यांनी दोन्ही गट जवळपास सारखेच सावरले होते. उलट कडक गटात काहींची साखर धोकादायक खाली गेली. म्हणून सुरुवातीला साधारण १४० ते १८० हे लक्ष्य धरतात, तेही हॉस्पिटलमध्ये.

पण लक्ष ठेवल्याचा फायदा मात्र मोठा. ऑस्ट्रेलियात नर्सेसनी तीन गोष्टी काटेकोर सांभाळल्या: ताप, साखर आणि गिळता येतंय का. २०११ च्या त्या अभ्यासात तीन महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन ५८ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आलं.

मग घरी काय करायचं?

एक, १०८ ला फोन. पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो.

दोन, साखर मोजा, पण त्यासाठी थांबू नका. साखर फार कमी झाली तरी लकव्यासारखंच दिसतं, म्हणून आकडा डॉक्टरांना सांगायचा.

तीन, आपल्या मनाने इन्सुलिन नाही, गोळी नाही, पाणीसुद्धा नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं.

आता घरी परतल्यावर. आजोबा निम्मं जेवतात, गोळ्या मात्र जुन्याच डोसच्या, वर फिजिओथेरपीचे व्यायाम. साखर घसरते. ज्याचं बोलणं गेलंय तो "चक्कर येतेय" असं सांगणार कसा? घाम, थरथर, अचानक चिडचिड दिसली की लगेच मोजा. पुन्हा घाट चढण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचाराच: साखर किती ते कितीमध्ये ठेवायची, जेवण कमी झालं तर गोळीचं काय करायचं, आणि साखर घसरली तर तोंडाने काय देता येईल? उत्तरं कागदावर घ्या, कारण वर गेल्यावर पटकन विचारायला खाली येता येत नाही.

तोंड वाकडं, हात लुळा, शब्द बोबडे: यातलं एक जरी दिसलं तरी आधी फोन, ग्लुकोमीटर नंतर. एवढं वाक्य आज फॅमिली ग्रुपवर टाकाच. भेटू पुढच्या भागात.